हलव्याचा काटा

डिसेंबरचा मध्य उलटला की शहरांतील बेकऱ्यांच्या काचेआड काडीच्या टोकावर बसविलेले केकचे गोळे दिसू लागतात. चॉकलेटच्या कवचात बुडवून काढलेल्या त्या गोळ्यांवर, कवच ओले असतानाच, मोहरीहूनही बारीक अशा रंगीत साखरेच्या दाण्यांची पखरण केलेली असते, आणि नाताळच्या सुटीत आईबापांचे बोट धरून आलेल्या मुलांचे लक्ष गोळ्यापेक्षा त्या पखरणीकडेच अधिक लागलेले असते. केक पॉप नावाचा हा पदार्थ एकविसाव्या शतकातला, म्हणजे काल-परवाचाच. त्याला इतिहास असा नाहीच म्हणा. परंतु त्याच्या अंगावरचा तो क्षुद्र दाणा मात्र चांगला खानदानी आहे, आणि त्याच्या भाऊबंदांची चौकशी करू लागले की आपल्याच घरी येऊन पोहोचावे लागते, जेथे पौषाच्या कडाक्यात शेगडीवर परात ठेवून कोणी तरी संक्रांतीचा हलवा करीत बसलेले असते.

हलवा हा शब्द अरबी; त्याचा मूळ अर्थ नुसता गोड. फारसीच्या अंमलाबरोबर तो हिंदुस्थानभर पसरला आणि बहुतेक प्रांतांत शिऱ्याच्या जातीच्या मऊ पदार्थास चिकटला. महाराष्ट्राने मात्र मऊ हलव्याला नकार न देता संक्रांतीपुरता तोच शब्द एका टणक, पांढऱ्याशुभ्र, काटेरी दाण्यास बहाल केला. त्यामुळे उत्तरेकडील पाहुण्यास ‘हलवा घ्या’ म्हणून तळहातावर चार दाणे ठेवले असता तो क्षणभर वाटीचमच्याची वाट पाहतो, हा प्रकार मी स्वतः पाहिलेला आहे.

हलव्याची कृती सांगावयास फार वेळ लागत नाही. करावयास तीन-चार दिवस लागतात. आमच्या आजीचा शिरस्ता असा, की निवडून भाजलेले तीळ परातीत घ्यावयाचे, साखरेच्या पाकास दुधाचा हबका देऊन मळी काढावयाची, तो फडक्यातून गाळून एकतारीच्या अलीकडेच ठेवावयाचा, आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर राखेचा थर धरला म्हणजे परात वर चढवून चमचाभर पाक तिळांवर सोडावयाचा. मग बोटांच्या टोकांनी ते तीळ हलके हलके फिरवीत राहावयाचे. पाक सुकला की दुसरा चमचा, तो सुकला की तिसरा. निखारा प्रखर झाला तर साखर परातीला लागून दाणा पिवळा पडतो, मंद झाला तर तीळ एकमेकांस चिकटून गोळा होतो, आणि या दोहोंच्या मधली जी अवस्था तिचे ज्ञान थर्मामीटरला नसून बोटांना असते. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा होतो, दुसऱ्या दिवशी खडबडीत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या कोरड्या गारव्यात, बघता बघता, त्यावर काटा धरू लागतो. आकाशात ढग दिसला की आजी परात खाली उतरवीत असे. ‘आज काटा धरायचा नाही,’ एवढेच बोलून ती दुसऱ्या कामाला लागे; हवेशी वाद घालण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

हा काटा का धरतो, हा प्रश्न दिसतो तितका बालिश नाही. जपानी पदार्थवैज्ञानिक तोराहिको तेरादा (१८७८–१९३५), जो कादंबरीकार सोसेकीचा शिष्य आणि स्वतः उत्तम निबंधकार होता, त्याने अशाच एका काटेरी मिठाईच्या शिंगांविषयी गंभीरपणे लिहिले आहे. दाण्याचा जो भाग योगायोगाने किंचित पुढे आलेला असतो त्यालाच पाकाचा स्पर्श अधिक होतो आणि तोच लवकर सुकतो; म्हणून उंचवटा अधिक उंच होत जातो आणि खोलगट भाग मागे राहतो. ज्याच्याजवळ आहे त्यालाच अधिक मिळावे, हा व्यवहारातला न्याय परातीतही चालतो.

ज्या मिठाईने तेरादास विचारात पाडले तिचे नाव कोंपेइतो. हे नाव पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’ या शब्दाचे जपानी रूप आहे. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश नावाच्या जेझुइट पाद्रीने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदारास जो नजराणा दिला त्यात काचेच्या बरणीत भरलेले हे दाणे होते. ते करावयाचे कसे, हे मात्र जपानी हलवायांस पुष्कळ काळ उमगले नाही. आणि १६८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, व्यापारी वर्गाच्या कथा सांगणाऱ्या आपल्या ग्रंथात इहारा साइकाकू याने नागासाकीच्या एका सामान्य नागरिकाची हकीकत दिली आहे, की त्याने वर्षानुवर्षे डोके खपवून अखेर या दाण्याचे बीज शोधून काढले आणि त्या एका शोधावर तो धनवान झाला. ते बीज कोणते? तीळ! हे वाचताना मराठी वाचकास हसू आल्यावाचून राहणार नाही. क्योतो येथे १८४७ पासून चालत आलेल्या एका पेढीत कोंपेइतो अद्याप तापलेल्या, तिरप्या, फिरत्या कढईत होतो, आणि एका घाण्यास दोन-दोन आठवडे लागतात.

एवढ्यावरून हलवा आपणांस पोर्तुगीजांनी दिला, अथवा आपणच तो साऱ्या जगास शिकविला, अशी अनुमाने काढण्याचा मोह आवरावा हे बरे. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. स्वच्छ साखर, बारीक बी, मंद आच आणि रिकामा वेळ या चार गोष्टी जेथे एकत्र येतील तेथे असा दाणा निपजणारच. इंग्लंडात तो निपजलाच होता. सतराव्या शतकाच्या आरंभी सर ह्यू प्लॅट याने गृहिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकात निखाऱ्यांवर टांगलेले पितळी घंगाळ, पळीने सोडलेला पाक आणि हाताने फिरविलेली बडीशेप व धने यांचे जे वर्णन आहे ते वाचताना आजीच्याच परातीजवळ बसल्यासारखे वाटते. पाव पौंड धन्यांस तीन पौंड साखर, असे त्याचे प्रमाण. आणि दाणा खरबरीत हवा असेल तर पाक घट्ट करून फूटभर उंचीवरून, कढत कढत सोडावा, असा त्याचा सल्ला. म्हणजे काट्याचे शौकीन तेथेही होते. या दाण्यालाच पुढे ‘शुगरप्लम’ असे नाव पडले व तो नाताळचा खाऊ ठरला. १८९२ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गला रंगभूमीवर आलेल्या चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधली मिठाईच्या राज्याची परी याच दाण्याचे नाव घेऊन नाचते. नावात प्लम असले तरी त्यात फळ नसते. दरम्यान त्याच एकोणिसाव्या शतकात वाफेने तापणाऱ्या व यंत्राने फिरणाऱ्या कढया आल्या. दाणा स्वस्त झाला, गुळगुळीत झाला, बारीक होत होत केकच्या माथ्यावर जाऊन बसला, आणि त्याचा काटा गेला.

आपल्याकडे काट्याचा प्रश्न साखरेशी निगडित होता. तिळगूळ हा सर्वांचा. गूळ घरोघर असे. परंतु गुळाला ओल धरण्याची खोड असल्यामुळे त्याचा काटा उभा राहत नाही, त्यास स्वच्छ साखरच लागते. साखर करण्याची विद्या मूळ या देशाची. ‘शर्करा’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ खडे, रेती असा आहे, आणि जगातील बहुतेक भाषांनी साखरेचे नाव त्यावरूनच घेतले. असे असूनही एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात उतरणारी मॉरिशसची ‘मोरस’ साखर बाजारात मिरवू लागली. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर बहिष्काराच्या यादीत गेली, आणि ती हाडांच्या कोळशातून गाळतात ही वार्ता सोवळ्यातल्या स्वयंपाकघरांत पोहोचल्यावर बहिष्कारास धर्माचेही बळ मिळाले. १९३२ च्या संरक्षक कायद्याने देशी कारखान्यांस आधार दिला, १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी कारखाना उसाचे गाळप करू लागला, आणि जो जिन्नस एके काळी बेतानेच काढला जाई तो मध्यमवर्गाच्या डब्यात भरपूर झाला.

हलव्याच्या दागिन्यांची हौस या सुबत्तेने वाढविली. नव्या सुनेची पहिली संक्रांत आली की काळी चंद्रकळा नेसवून तिच्या अंगावर हलव्याची बिंदी, तन्मणी, बाजूबंद, कमरपट्टा आणि मंगळसूत्र चढवावयाचे. जावयाला हार व नारळ. आणि बोरन्हाणाच्या तान्ह्यास मुकुट, बासरी, वाळे. एरवी अशुभ मानलेला काळा रंग या एका सणाला मानाने नेसला जातो, आणि त्यावर तो पांढरा दाणा असा उठून दिसतो की खऱ्या मोत्यांचीही गरज भासू नये. हे दागिने घडविताना दाणा सुईने ओवीत नाहीत. ओवू गेल्यास तो फुटतो. दोऱ्याचा फासा करून त्यात एकेक दाणा अडकवावयाचा आणि गाठ आवळावयाची. गाठ टिकते ती केवळ काट्यामुळे: दोरा दोन काट्यांच्या मध्ये बसतो आणि हलत नाही. शोभेसाठी म्हणून ज्याचे कौतुक होते तो काटा खरोखर कारागिराच्या कामाचा असतो, हे परात आणि दोरा दोन्ही हाताळल्यावाचून ध्यानात येत नाही.

आता पाकिटातला हलवा बारा महिने मिळतो, आणि त्यातला पुष्कळसा यंत्राच्या पिंपात फिरविलेला, साबुदाण्यासारखा गोल व निर्विकार असतो. पुढच्या संक्रांतीला सुनेसाठी अथवा नातवासाठी दागिने करावयाचे असतील तर दुकानातच एक दाणा चिमटीत धरून त्याभोवती दोऱ्याचा फासा टाकून पाहावा. दोरा घसरला, तर ते पाकीट तेथेच परत करावे.