दौलताबादचा हौद

आपल्या नरखेड तालुक्यात जलालखेड्याजवळ आमनेरचा किल्ला आहे. पण तो नदीकाठचा. डोंगरावरचा किल्ला बघायला गिरणीतून दोन दिवसांची रजा काढून दौलताबादला गेलो. खरं म्हणजे किल्ल्यासाठी नाहीच, दरवाज्याबाहेरच्या पाण्यासाठी गेलो.

पुस्तकं राजांची यादी देतात. यादवांची देवगिरी, 1296 ला अल्लाउद्दीनाची स्वारी, 1327 ला तुघलकाची राजधानी, शेवटी निजाम. खंदक अख्ख्या कातळात खोदलाय, डोंगराच्या कडा भिंतीसारख्या तासल्यात. छिन्नी कुणाच्या हातात होती, ते यादीत नाही. चांद मिनार दोनशे फुटांवर उंच. चिनी महालात औरंगजेबानं गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान कोंडला होता. पुढं अंधारी, वटवाघळांच्या वासाची. वर बारादरी. आणि हत्ती हौद एवढा, की अख्खं गाव पाणी पिऊन उरावं.

मित्रांनो, 1934 साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी बघायला निघाले, तेव्हा या किल्ल्यावर आले. रमजानचा महिना. दरवाज्याबाहेर एक छोटा हौद काठोकाठ भरलेला. प्रवासानं धुळीत माखलेल्या काहींनी तिथं हातपाय-तोंड धुतलं. झालं! एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, धेडांनी हौद बाटवला म्हणून. गर्दी जमली, शिव्या सुरू. बाबासाहेबांनी सरळ विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? उद्या अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्याला या पाण्याला अडवाल काय? गर्दी गप्प. आत सोडलं, पण किल्ल्यात कुठंच पाण्याला शिवायचं नाही या अटीवर. मागं बंदूकवाला शिपाई.

हे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. ही गोष्ट आज काही लोक मुसलमानांविरुद्ध फिरवतात. त्यांना विचारा, बाकीची पानं वाचली काय? गोरेगावच्या वाटेवर तहानलेल्या पोराला पाणी नाकारणारे कोण होते? महाडचं चवदार तळं 1927 साली गोमूत्रानं शुद्ध करून घेणारे कोण? हिंदूंचा अस्पृश्य मुसलमानालाही अस्पृश्यच, एवढंच बाबासाहेब दाखवत होते. रोग जातीचा, तो धर्माची वेस ओलांडून गेलेला.

पुढच्याच वर्षी, 1935 ला, येवल्याची घोषणा झाली. आणि 1950 मध्ये बाबासाहेबांनी याच औरंगाबादेत कॉलेज काढलं, किल्ल्यापासून पाचेक कोसांवर. त्याला नाव मिळालं मिलिंद, भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणाऱ्या राजाचं.