शजरा : एका शब्दाची कुळकथा

घरातील जुन्या पेटीत पिवळा पडलेला एक कागद असतो. त्याला आपण ‘शजरा’ म्हणतो. अरबीत ‘शजर’ म्हणजे झाड आणि ‘नसब’ म्हणजे रक्ताचे नाते. म्हणून पूर्ण शब्द ‘शजरा-ए-नसब’. सूफी सिलसिल्यातील पीरांच्या नामावळीलाही शजराच म्हणतात, तेथे रक्ताचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. मराठी ‘वंशवृक्षा’तही झाड आहेच. ‘वंश’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ मात्र बांबू! पेरावर पेर, तशी पिढीवर पिढी. दोन्हींत लेकींची नावे बहुधा गाळलेली असतात, ही उणीव मोठीच.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात या शब्दापायी लढाई झाली आहे. इ.स. १४९० मध्ये निजामशाही स्थापणाऱ्या मलिक अहमदचा पिता मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण, भैरूचा पुत्र तिमापा, असे फिरिश्ता लिहितो. लहानपणी तो बहामनी फौजेच्या हाती सापडला. ‘भैरू’चा उच्चार न साधल्याने ‘बहरी’ झाले, तेच घराण्याचे उपनाम. पुढे बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली. (ही परभणीकडील पाथरी, आपली पाथर्डी नव्हे.) कारण एकच : पूर्वजांचे कुळकर्ण तेथले. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, तो नाकारला गेला, तेव्हा इ.स. १५१८ मध्ये पाथरी लढून घेतली. सुलतानाने आपला शजरा कुळकर्ण्याच्या दप्तरापर्यंत नेला, आणि तो लपविला नाही.