दुष्काळानंतरचे आभार

वाचक माउली, तुकोबारायांचे चरित्र म्हटले की आपल्याला इंद्रायणीतून तरलेली गाथा आठवते, वैकुंठगमन आठवते. आज त्याआधीच्या, चमत्काराविना गेलेल्या दिवसांचे चिंतन करू.

शके १५५२, म्हणजे इ. स. १६३०. त्या साली गुजरातेत आणि दख्खनेत पावसाने पाठ फिरवली. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी तेव्हा सुरतेहून आग्र्यास निघाला होता. वाटेवर पडलेल्या प्रेतांची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. त्यात दख्खनेत मोगल आणि निजामशाही यांची लढाई चाललेली. देहूतले हे घर वाणसावकारीचे, महाजनकीचे. आईवडील आधीच निवर्तले होते, थोरल्या भावाने तीर्थांची वाट धरली होती. दुष्काळात द्रव्य गेले, मान गेला, आणि थोरली पत्नी रखमाबाई भुकेने गेली. लेक संतूही गेला, असे परंपरा सांगते.

पत्नीचा असा मृत्यू महाराजांनी स्वतः सांगितला आहे. संतांनी विचारले म्हणून, संकोच बाजूला ठेवून, त्यांनी एका अभंगात आपली सारी हकीकत कथन केली. आणि याच पुरुषाने दुसऱ्या एका अभंगात दिवाळे निघाल्याबद्दल, दुष्काळाने पीडल्याबद्दल देवाचे आभार मानले आहेत! आता तुम्हीच सांगा, ज्या दुष्काळाने घरचे माणूस नेले, त्याबद्दल आभार कसे मानावेत?

याचे उत्तर त्या आत्मकथनाच्या क्रमात आहे. दुःखानंतर लगेच आभार आलेले नाहीत. आधी लाज आहे, धंद्यातली तूट आहे. मग गावातले विठ्ठलाचे भंगलेले देऊळ नीट करावे असे मनाने घेतले. पूर्वज विश्वंभरबाबांचे ते दैवत. त्यानंतर एकादशीचे कीर्तन; पण आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, हेही महाराज लपवीत नाहीत. म्हणून संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले, अंग झिजवून परोपकार केला. स्वतःचे कवित्व त्यानंतरचे.

परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. कर्जखतांचे दोन वाटे झाले. धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपला वाटा महाराजांनी इंद्रायणीत सोडला. ती कुळेही त्याच दुष्काळात होरपळलेली होती, हे ध्यानात घ्या. देवाचे आभार मानण्याआधी त्यांनी माणसांकडची वसुली सोडली.

माझ्या घरातले माणूस गेले आणि त्याच वर्षी माझा आवाजही बसला. चाळीस वर्षांची नारदाची गादी सुटली. भेटायला येणारे म्हणत, देवाने केले ते भल्यासाठीच. ते शब्द मला बोचत. वर्षभराने गावच्या सप्ताहात एका तरुण कीर्तनकाराच्या मागे टाळ घेऊन उभा राहिलो. चाल धरण्यापुरता गळा उरला होता. तिसऱ्या रात्री नामाच्या गजरात पाय आपोआप उचलले गेले, आणि घरी जाताना कितीतरी दिवसांनी भूक लागली. तेव्हा तुकोबांचे ते धृपद धरणे मला उमगले.

म्हणून, माउली, तुमचा काळ कठीण असेल तर आभार मानण्याची घाई करू नका. आणि दुसऱ्याच्या दुःखात त्याला आभार मानायला तर मुळीच सांगू नका. तुकोबांनी आपल्या दुष्काळाचे आभार मानले, शेजाऱ्याच्या नव्हे. त्या आनंदाने रखमाबाईंचा मृत्यूही पुसला नाही. एकाच गाथेत दोन्ही अभंग आहेत. आपल्या गावात एखादे मोडके देऊळ असेल, कुणाकडे थकलेले येणे असेल, एकादशीला मागे उभे राहायला जागा तर असतेच. तेवढ्यापासून आरंभ करावा. गोडी लागायची तेव्हा लागेल, ते विठोबाकडे सोपवावे.

रामकृष्णहरी.