'डूम' १.९ : अस्सल आणि नक्कल

जाफराबादजवळच्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी लढाई झाली. इंग्रज सेनापती वेलस्लीने गव्हर्नर जनरलला लिहिलेला अहवाल दुसऱ्याच दिवशीचा आहे. समोरासमोरची दोन गावं पाहून आपण केळना नदीचा उतार ताडला, ही त्याचीच प्रसिद्ध हकीकत मात्र पुष्कळ वर्षांनी सांगितलेली. माणूस एकच, तरी दोन्ही साधनांचं वजन सारखं धरता येत नाही. संगणकावरच्या खेळाची जुनी आवृत्ती कोडवरून पुन्हा उभी करतानाही आधी हाच निवाडा करावा लागतो.

आयडी सॉफ्टवेअरचा 'डूम' हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी डॉससाठी आला, १.९ ही आवृत्ती १९९५ मधली. कोड खुला झाला २३ डिसेंबर १९९७ रोजी, आणि तोही लिनक्सचा. डॉसमधल्या आवाजासाठी वापरलेली डीएमएक्स लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची असल्याने ती देता येत नव्हती. शिवाय या कोडमध्ये आवृत्तीचा आकडा ११० आहे, म्हणजे १.१०. डॉसवर अशी आवृत्ती कधी निघालीच नाही. तेव्हा हा कोड १.९ चा नव्हे. ती नंतर हात फिरवलेली नक्कल आहे. अस्सल म्हणावी ती त्या काळची ईएक्सई फाईलच.

गळलेला भाग भरायला जवळचा आधार आहे. त्याच इंजिनावर रेव्हन कंपनीने केलेल्या 'हेरेटिक' आणि 'हेक्सन'चा कोड १९९९ च्या जानेवारीत खुला झाला, आणि त्यात डॉसचा भाग शाबूत होता. डीएमएक्सच्या जागी अपोजीची ध्वनी लायब्ररी बसवता येते. खेळ चालू लागतो, पण त्याला १.९ म्हणणं मला मान्य नाही. कोडची ईएक्सई करणाऱ्या वॅटकॉम कंपायलरची आवृत्ती बदलली तरी त्याच ओळींतून वेगळे बाइट निघतात.

पडताळणीला खेळातले डेमो, म्हणजे आधी खेळलेल्या डावाच्या नोंदी, फार मोलाचे आहेत. १.९ च्या डेमोचा पहिला बाइट १०९. मथळ्यानंतर सेकंदाला ३५ वेळा, दर खेळाडूमागे चारच बाइट : पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वळण, बटणं. राक्षस कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, यातलं काहीच नोंदलेलं नाही. ते सगळं दरवेळी नव्याने गणलं जातं. यादृच्छिक आकडेसुद्धा २५६ आकड्यांच्या ठरलेल्या तक्त्यातून क्रमाने येतात. त्यामुळे एखादा आकडा एकदा जास्त उचलला गेला, तरी थोड्याच वेळात शिपाई भिंतीवर गोळ्या झाडत बसतो.

डेमो शेवटपर्यंत नीट चालला, तर वागणूक जुळली एवढंच सिद्ध होतं, कारण वेगळ्या कोडनेही तीच वागणूक साधते. म्हणून नवी ईएक्सई जुनीशी बाइटला बाइट लावून पाहावी आणि राहिलेला प्रत्येक फरक नोंदवावा. चलांची नावं आणि टिपणं ईएक्सईतून परत मिळत नाहीत. ती १९९७ च्या कोडमधून घेतली असतील, तर तसं फाईलच्या माथ्यावर लिहावं.