केबलच्या तारेतली मोजदाद

एका टोकाला वाहिनी आणि दुसऱ्या टोकाला वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्ट वसाहतीतलं घर. मधला घाऊक बाजार आपल्याला दिसत नाही. वाहिनीकडून मोठा केबलचालक सिग्नल घेई आणि गल्लीतल्या केबलवाल्याला देई. पैसे ठरत घरांच्या संख्येवर. पण जुन्या तारेतून सगळ्या वाहिन्या सगळ्यांकडे सारख्याच जात. घरं किती, हे केबलवाल्यालाच ठाऊक. तो आकडा कमी सांगे, वाहिनी दर वाढवी आणि भुर्दंड ग्राहकाला पडे.

जानेवारी २००४ मध्ये हा बाजार दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘ट्राय’कडे आला. मोजमापच नाही, तर वाजवी दर काढायचा कसा? ‘ट्राय’नं २६ डिसेंबर २००३ चे दर गोठवले.

मोजदाद आणली ती सेट टॉप बॉक्सनं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ च्या अखेरीस दक्षिण मुंबईच्या ठरावीक भागात ‘कॅस’ लागू झालं. सशुल्क वाहिनीला महिन्याला जास्तीत जास्त ५ रुपये. त्यातले सव्वादोन वाहिनीचे, दीड मोठ्या चालकाचा, सव्वा केबलवाल्याचा. घाऊक वाटणी प्रथमच कागदावर आली.

१ नोव्हेंबर २०१२ पासून साऱ्या मुंबईत डिजिटल केबल सक्तीची झाली. आकडा आता मोठ्या चालकाच्या संगणकात गेला. गच्चीगच्चीवरून तारा ओढणाऱ्या केबलवाल्याच्या हातची वही गेली आणि तिच्याबरोबर भाव करण्याची त्याची ताकदही. हिशेब उघडा झाला, पण त्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही.