जन्नतच्या पक्ष्याचे पाय

परवा एका लग्नात स्टेजवर केशरी-निळ्या फुलांची सजावट होती. चोच पुढे काढलेल्या पक्ष्यासारखं फूल. सजावटवाल्याने नाव सांगितलं, ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’. शेजारी बसलेले चाचा म्हणाले, “म्हणजे जन्नतचा पक्षी!” तेव्हापासून हे नाव डोक्यात घोळतंय.

फूल दक्षिण आफ्रिकेचं, नाव मात्र न्यू गिनीकडच्या पक्ष्याचं. आपल्या अंगणातल्या शंखासुरालाही इंग्रजीत हे नाव लावतात. ‘पॅराडाइज’ आणि आपला ‘फिर्दौस’ दोन्ही एकाच प्राचीन इराणी शब्दातून आले; अर्थ, कुंपण घातलेली बाग.

डिसेंबर १५२१मध्ये मोलुक्का बेटांतल्या बाचानच्या सुलतानाने स्पेनच्या राजासाठी या पक्ष्याची सुकवलेली कातडी भेट दिली. मॅगेलनच्या मोहिमेतलं ‘व्हिक्टोरिया’ जहाज १५२२मध्ये ती घेऊन परतलं. खलाशांना विचारून मॅक्सिमिलियानस ट्रान्सिल्व्हानसने वृत्तांत लिहिला, तो १५२३मध्ये छापला गेला. त्यात म्हटलंय की हा पक्षी कधीच जमिनीवर उतरत नाही. मुस्लीम व्यापाऱ्यांनी सांगितलं की तो जन्नतमध्ये जन्मतो आणि ते ऐकून तिथल्या राजांनी इस्लाम स्वीकारला.

गोष्ट गोड आहे. पण मोलुक्कात इस्लाम एका पक्ष्यामुळे आला नाही. लवंगेचा व्यापार, बंदरांतला सहवास, सोयरीक, धर्म शिकवणारी माणसं या साऱ्यांतून तो हळूहळू रुजला.

पक्ष्याचंही तेच. स्थानिक शिकारी कातडी सुकवताना पाय कापून टाकत. युरोपने बिनपायांची कातडी पाहिली आणि ठरवलं, याला पायच नाहीत. खरं तर त्याच जहाजावरून परतलेल्या पिगाफेट्टाने त्याच्या पायांचं वर्णन केलं होतं. तरी १७५८मध्ये लिनियसने एका जातीला नाव दिलं ‘अपोडा’, म्हणजे पाय नसलेला. पाय असल्याचं तोवर कळून चुकलं होतं. नाव मात्र आजही तेच आहे.

हाच पक्षी आकाशातही गेला. १५९५च्या डच सफरीत कायझर आणि फ्रेडरिक द हाउटमन यांनी दक्षिणेचे तारे नोंदवले. त्यांवरून केलेल्या बारा तारकासमूहांत ‘एपस’ आहे. त्याचाही अर्थ बिनपायांचा. पुढे हाउटमन आचेच्या सुलतानाच्या कैदेत पडला. तिथे तो मलय भाषा शिकला आणि ताऱ्यांचा अभ्यासही चालू ठेवला. १६०३मध्ये त्याने मलय शब्दकोश छापला, ताऱ्यांची यादी त्यालाच जोडली.

आपल्याकडेही धर्मांतराचा इतिहास एका वाक्यात उरकला जातो. कुणी तलवार म्हणतं, कुणी चमत्कार. अशी वाक्यं ऐकली की मला तो पक्षी आठवतो. बाजार, सोयरीक, भाषा, शेजार हे त्या इतिहासाचे पाय. ते कापले की उरतात नुसती पिसं, आणि मग लोक म्हणतात, हा तर आकाशातून पडला.