तार न पोचलेल्या घरांचा उजेड

अहेरी ही आत्राम घराण्याच्या जमीनदारीची जुनी गादी. तिच्याभोवती आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा असा सागाचा आणि बांबूचा पट्टा आहे. या जंगलातल्या टोल्यांवर आणि वनखात्याच्या एकाकी कुट्यांत रात्रीचा उजेड बराच काळ जंगलातून किंवा रेशनच्या दुकानातून आला. मोहाच्या टोळीचे (बियांचे) आणि करंजीचे तेल घाण्यावर काढून पणतीत जाळत. पुढे रॉकेल आले, त्याबरोबर चिमणी आणि कंदील आले, आणि लग्नकार्याला गॅसबत्ती. रॉकेलसाठी मात्र बाजाराच्या गावापर्यंत पायपीट करावी लागे, आणि पावसाळ्यात नाले भरले की तीही बंद होई.

1983 साली चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज त्याची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातून 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, म्हणजे याच अहेरी-भामरागड पट्ट्यात, मात्र अंधार कायम होता. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे दीड दशकाहून अधिक काळ वीज नव्हती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी कंदिलाच्या उजेडात रुग्णांवर उपचार केले, शस्त्रक्रियासुद्धा केल्या.

तार न पोचण्याची कारणे साधी आहेत. दहा-पंधरा घरांच्या टोल्यासाठी कित्येक किलोमीटर खांब रोवावे लागतात. मध्ये पर्लकोटासारख्या नद्या आडव्या येतात. 1980 च्या वन संवर्धन कायद्यानंतर जंगलातून वाहिनी नेण्यासाठी केंद्राची मंजुरी आवश्यक झाली. वाहिनी ओढली तरी पहिल्या वादळात तारेवर झाड पडते, आणि लाइन गेली की लाइनमन पोचेपर्यंत दिवस जातात. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या शिफारशीने वीजवाहिनी आणि अपारंपरिक ऊर्जा यांसाठी एक हेक्टरपर्यंतची वनजमीन वापरण्याची वाट थोडी सोपी केली.

सौर विजेचे तंत्र तोवर तयार झाले होते. सिलिकॉनचा उपयोगी सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने 1954 मध्ये जाहीर केला. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या 1974 सालच्या सरकारी कंपनीने सत्तरच्या दशकातच घट बनवायला घेतले. महाराष्ट्रात 1985 साली अपारंपरिक ऊर्जेसाठी महाऊर्जा ही संस्था स्थापन झाली. दुर्गम गावांसाठीच्या केंद्राच्या योजनांमधून जो घरगुती संच सर्वाधिक रूढ झाला, त्यात 37 वॅटची एक प्लेट, 12 व्होल्ट 40 अँपिअर-तासांची बॅटरी आणि 9 वॅटचे दोन सीएफएल दिवे असत.

या संचामागचा हिशेब आजही जंगलातल्या कोणत्याही झोपडीला लागू पडतो. त्याची सुरुवात दिव्याच्या तासांपासून होते, प्लेट त्यानंतर ठरते. चोकचा वापर धरला तर दोन दिवे मिळून सुमारे 22 वॅट घेतात. रोज चार तास लावले तर 88 वॅट-तास होतात. पावसाळ्यात सलग तीन दिवस ऊन पडणार नाही असे धरले, तर चार रात्रींची गरज 352 वॅट-तासांची होते. 12 व्होल्ट आणि 40 अँपिअर-तास म्हणजे 480 वॅट-तास, पण शिशाची बॅटरी तीन चतुर्थांशापलीकडे रिकामी करू नये, म्हणजे हाती 360 उरतात. दोन्ही आकडे जेमतेम जुळतात. त्यात एखादा रेडिओ किंवा मोबाइलचा चार्जर वाढवला की चौथी रात्र अंधारात जाते. पंख्याचा तर या संचात विचारच नव्हता.

प्लेट कुठे लावायची, हेही जंगलात वेगळे ठरते. अहेरी सुमारे 19.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून प्लेट दक्षिणेकडे, साधारण 20 अंश तिरकी ठेवतात. कोरड्या ऋतूत साग पाने गाळतो, तेव्हा उजाड झाडाखालची जागाही उन्हाची वाटते. जुलैत, जेव्हा मुळातच ऊन कमी असते, तेव्हा त्याच झाडाला हात-हात रुंद पाने आलेली असतात. प्लेटमधले घट एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून एका घटावर सावली पडली तरी सगळ्या माळेचा प्रवाह घटतो. कवेलूच्या छपरापेक्षा मोकळ्या अंगणातला लोखंडी खांब बरा, हे वापरणाऱ्यांनी अनुभवाने ठरवले.

प्लेट पंचवीस वर्षे टिकते, पण बॅटरी पाच-सहा वर्षांत थकते. तिला वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर लागते, टोकांवर साचलेला पांढरा क्षार पुसावा लागतो, आणि ती बराच काळ रिकामी राहिली तर कायमची बिघडू शकते. संच वाटल्यावर अनेक ठिकाणी ही जबाबदारी कोणी नेटाने घेतली नाही, आणि हीच या योजनांची मोठी उणीव. निकामी बॅटरी आणि वर धड प्लेट, असे दृश्य देशभरातल्या दुर्गम गावांत दिसत आले आहे.

जिथे सांभाळणारा नेमलेला होता, तिथे सौर वीज टिकली. ताडोबातल्या वनरक्षकांच्या संरक्षण कुट्यांत दिवा आणि वायरलेस संचाची बॅटरी तिच्यावर चालतात. तिथल्या पाणवठ्यांवर सौर पंप बसले आहेत. गडचिरोलीत हातपंपाच्याच विंधन विहिरीत छोटा सौर पंप सोडून टाकी भरण्याची दुहेरी पंप योजना गावोगाव पोचली.

25 सप्टेंबर 2017 रोजी जाहीर झालेल्या सौभाग्य योजनेने दुर्गम घरांसाठी 200 ते 300 वॅटचा संच ठरवला: पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. ही पाच वर्षे जवळपास बॅटरीच्या आयुष्याएवढी आहेत. तेंदू आणि बांबूच्या विक्रीतून अनेक ग्रामसभांकडे आता स्वतःचा निधी आहे. पुढच्या बॅटरीची रक्कम त्यांनी दरवर्षी त्यातूनच बाजूला काढून ठेवावी.